दहा वर्षांत दफन नाही

दफनभूमीच्या फाटकावर सरकारी कागद चिकटवला होता, तोही उलटा. चिकटवणाऱ्याला उन्हाची घाई असावी. मापाड्याने मान वाकडी करून तो दोनदा वाचला, मग नखाने सोडवला आणि सरळ करून पुन्हा चिकटवला. सरकारचं काम निस्तरून द्यायची त्याला जन्माची खोड होती.

कागदात लिहिलं होतं की राज्याच्या विधानसभेने पडीक जमिनींचा कायदा मंजूर केला आहे. ज्या दफनभूमीत सलग दहा वर्षांत दफन नाही, ती पडीक धरून सौर विजेसाठी देण्यात येईल. इथलं शेवटचं दफन शाळेच्या हेडमास्तरांचं होतं. त्याला दहा वर्षं पुरी व्हायला एक्केचाळीस दिवस उरले होते.

मापाडी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. तो खड्डे खणायचा, बापापासून तेच काम. माणूस समोर उभा राहिला की त्याची लांबीरुंदी त्याला आपोआप कळायची, दोरी लावावी लागायची नाही. त्यामुळे गावात त्याच्यापुढे ताठ उभं राहून कोणी बोलत नसे. जो तो जरा वाकून, एका पायावर भार देऊन बोलायचा, म्हणजे माप चुकेल. लग्नानंतर वर्षभर आपण त्याच्याकडे पाठ करूनच झोपत होतो, असं त्याची बायकोही हसून सांगायची.

पण दहा वर्षं त्याच्या फावड्याला काम नव्हतं. माणसं मरायची थांबली होती असं नाही. कोणी आजारी पडलं की त्याला मोठ्या गावच्या दवाखान्यात नेत, तिथेच ते संपे आणि तिथेच त्याचं सगळं उरकून नातेवाईक हात हलवत परत येत. उरलेली म्हातारी माणसं मुलांकडे शहरात गेली होती. मापाडी लोकांच्या शेतावर मजुरी करायचा आणि सकाळ-संध्याकाळ दफनभूमीचं फाटक तेवढं उघडायचा, लावायचा.

बायको कोपऱ्यातलं गवत काढत होती. तिथे त्यांची मुलगी होती. चार वर्षांची, तापाने गेलेली. त्याला अकरा वर्षं झाली होती आणि अकरा वर्षांत बायकोने त्या हातभर जागेवर गवताची काडी राहू दिली नव्हती.

"कसला कागद आहे?" तिने विचारलं.

त्याने सांगितलं. ती खुरपं हातात धरून तशीच बसून राहिली.

कुंपणापलीकडे शेजारच्या गावाची दफनभूमी होती. ती मागच्याच वर्षी गेली होती, कायद्याच्याही आधी, त्या गावाने आपणहून दिलेली. आता तिथे काळ्या काचेच्या पट्ट्या उभ्या होत्या, रांगेने, माणसाच्या छातीएवढ्या उंच. खालची माणसं खालीच ठेवली होती. दिवसभर त्या पट्ट्या सूर्याकडे तोंड करून हळूहळू वळायच्या. वळताना दिसायच्या नाहीत, पण मध्येच टक् असा आवाज यायचा, आणि बघावं तर सगळ्या जरा वेगळीकडे बघत असायच्या.

"मला आत सोडतील का?" बायकोने विचारलं.

"कुंपण घालतील. कुलूप लावतील."

"तासभर तरी?"

तिने पुन्हा खुरपं चालवलं, गवत नव्हतं तिथेही.

*

चार दिवसांनी आमदार आला. तो याच गावचा, मापाड्याच्या वर्गातला. त्याचा बाप त्याच दफनभूमीत होता, फाटकातून आत गेल्यावर उजव्या हाताला, पावणेचार हात. गाडी लांब उभी करून तो चालत घरी आला आणि ओट्यावर टेकला. मापाड्याची आई आत सुपात धान्य निवडत बसली होती. ऐंशी ओलांडली होती, पण तोंड वीस वर्षांचं होतं.

"कोण, शेंबड्या का?" तिने आतूनच विचारलं.

"होय काकू," आमदार म्हणाला. बरोबरच्या माणसाने दुसरीकडे बघितलं.

"कायदा तुम्हीच केलात ना?" बायकोने पाण्याचा तांब्या ठेवत विचारलं. तिला आडवळणाने बोलता येत नसे.

"हात वर केला वहिनी. त्या दिवशी सतरा विधेयकं होती. जेवायच्या आत बारा झाली."

"वाचलं नव्हतंत?"

"नाव वाचलं होतं. पडीक जमीन. मला वाटलं, माळरान असेल कुठलं तरी. वीज कोणाला नको असते? माझाच बाप पडीक निघेल हे काय ठाऊक?" त्याने घाम पुसला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "दुरुस्ती मांडतो मी. पण अधिवेशन आता पावसाळ्यात. तोवर तारीख उलटून जाईल. आणि एकदा दिलेली जागा परत घ्यायची तरतूदच नाही."

"मग काही मार्ग?" मापाड्याने विचारलं.

आमदाराने पाण्याचा घोट घेतला. "एक जरी दफन झालं मुदतीच्या आत, तर दहा वर्षं नव्याने मोजायची. कलमात तसं स्पष्ट आहे."

आत सुपात दाणे घोळण्याचा आवाज चालू होता. आमदाराने मान वळवली आणि दारातून आत बघितलं. बायकोनेही बघितलं. मापाडी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. सुपाचा आवाज थांबला.

"काकू, तब्येत कशी आहे?" आमदाराने विचारलं.

"तुला हवी तेवढी वाईट नाही रे," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली.

*

त्यानंतर गाव म्हातारीची फार चौकशी करायला लागलं. कोणी ठरवून करत होतं असं म्हणवत नाही. पण ज्यांनी दहा वर्षांत तिला पाणी विचारलं नव्हतं, ते तिच्यासाठी मऊ फळं घेऊन यायला लागले. दुकानदाराने दुकानाबाहेर सावलीत तिच्यासाठी खुर्ची ठेवली. ती दुकानात गेली आणि तिला ठसका लागला की बोलणारे गप्प व्हायचे. ठसका थांबला की पुन्हा बोलणं सुरू व्हायचं, जरा उशिराने.

"बरं वाटत नाही का आजी?" दुकानदार विचारायचा.

"छान वाटतंय. तू का रे इतका सुकलास?"

ती हे सगळं घरी येऊन रंगवून सांगायची, स्वतःच हसायची. सूनही हसायची. पण एक दिवस म्हातारी माळ्यावरचं घमेलं काढायला शिडीवर चढली. एरवी ती पहिल्या पायरीवर असतानाच चार घरांतून ओरडा व्हायचा. त्या दिवशी शेजारीण येऊन शिडी धरून उभी राहिली. सून मागच्या दारातून आली तेव्हा तिला दिसलं, शेजारणीचे हात शिडीवर नुसते टेकलेले होते. शेजारीण वर बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

सुनेने धावत जाऊन शिडी पकडली. शेजारीण म्हणाली, "अगं, धरली होती मी," आणि निघून गेली.

रात्री जेवताना शेजारणीला शिव्या द्यायला सुनेने तोंड उघडलं, पण देता येईनात. आपण दारात किती वेळ उभ्या होतो, हे तिचं तिला आठवत होतं.

*

उन्हाळ्यात जमीन दगड होते, म्हणून एक खड्डा आधीच खणून फळ्यांनी झाकून ठेवायचा, ही मापाड्याच्या बापाची रीत. पाऊस पडला की तो बुजवायचा. दहा वर्षं मापाडी रिकामा खड्डा खणत होता आणि रिकामा बुजवत होता. माप ठरलेलं, चार हात. आखूड माणूस लांब खड्ड्यात मावतं, उलटं होत नाही.

या वर्षी त्याने आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडून जागा भिजत ठेवली आणि सकाळी पहार घातली. पहिल्या दिवशी ढोपरभर, दुसऱ्या दिवशी कंबरभर. तो खाली टिकाव मारायचा, बायको घमेल्याने माती वर ओढायची. दोघांच्या तोंडात धूळ. कुंपणापलीकडच्या पट्ट्यांचं ऊन दुपारी परतून यायचं आणि खड्ड्याच्या कडेवरून चालत जायचं. तेवढ्यापुरते दोघं डोळे मिटून घ्यायचे.

तिसऱ्या दिवशी बायको कडा तासायला खाली उतरली. थोडा वेळ खुरपं चाललं, मग थांबलं.

"अहो, हा आखूड आहे."

"नाही."

"या बघा."

फावड्याच्या दांड्यावर हाताच्या खुणा होत्या. त्याने दांडा आडवा धरला. सव्वातीन हात. त्याने पुन्हा मोजलं. मग बायकोने पायाकडच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे डावी कड बाहेरच्या बाजूला फुगली होती, वीतभर. तिथे दगड नव्हता, मूळ नव्हतं, तसं खणायचं काही कारण नव्हतं. गुडघे सरळ होत नाहीत म्हणून ते डावीकडे दुमडून झोपणारं माणूस घरात एकच होतं.

तीन दिवस मापाडी काही विचार न करता खणत होता. हात खणत होते. त्याने टिकाव उचलला आणि डोक्याकडची भिंत फोडायला लागला, आणखी हातभर लांब करून टाकावा म्हणून. तिथे नेमका काळा खडक लागला. टिकावाची ठिणगी उडाली, खडक हलला नाही.

"कोणासाठी रे?"

म्हातारी कडेवर उभी होती. दुपारचं पाणी घेऊन आली होती. तिची सावली खड्ड्यात पडली होती आणि ती बरोब्बर तळाएवढी होती.

"असाच. दरवर्षीसारखा," मापाडी म्हणाला.

"दरवर्षी लांब असतो." ती कडेवर बसली, पाय आत सोडले. "उतरव मला."

"आई, काहीतरीच काय!"

"उतरव म्हणते ना. का ढकलायची वाट बघतोस?"

शेवटी बायकोनेच तिला काखेत धरून खाली घेतलं. म्हातारी तळाला बसली, आडवी झाली, गुडघे डावीकडे दुमडले. कुठेही काही टेकलं नाही, कुठेही काही उरलं नाही. ती डोळे उघडे ठेवून वरच्या आभाळाकडे बघत राहिली. मुलगा आणि सून भिंतींना पाठ लावून उभी होती, कारण तिच्याबरोबर तिथे तिसऱ्या पावलाला जागा नव्हती. पलीकडे टक् असा आवाज झाला.

"थंड आहे," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज तिच्याकडून न येता मातीतून आल्यासारखा वाटला. मग पापणीही न हलवता ती पडून राहिली. सुनेला वाटलं आपण हाक मारावी, पण जीभ उचलेना.

"मला एक सांग," म्हातारी म्हणाली, "सरकारला मढं बघायचंय की नोंद बघायचीय?"

"म्हणजे?"

"म्हणजे मला मारून टाका. कागदावर. माझी नात आहे या जागेत. तिच्या डोक्यावर काच बसवू देणार नाही मी. पण खरीखुरी मरायला मला अजून वेळ आहे, आणि गावाला दम नाही."

मापाडी रडायला लागला. बायको खाली बसली आणि सासूचे पाय चेपायला लागली, खड्ड्यातच.

*

आमदाराला निरोप गेला. तो म्हणाला, मला काही सांगितलं नाहीत, मी काही ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रातून दाखला आला. वृद्धापकाळाने.

मुदतीला नऊ दिवस असताना म्हातारीचं दफन झालं. चादरीत तिची गादी गुंडाळली, तिच्यात वाळूची पोती, अंदाजाने तिच्या वजनाची. अख्खं गाव आलं. काय चाललंय हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांचे चेहरे पडलेले होते. मोजणी खात्याचा साहेब छत्री धरून उभा होता. खांदे चार, त्यातला एक दुकानदाराचा. तो म्हणाला, आजी, तुझी खुर्ची आता रिकामी, आणि त्याचा आवाज खरंच फुटला.

मापाडी रडला. रडावंच लागणार होतं, साहेब बघत होता. पहिल्यांदा जमेना, मग त्याने जोर लावला आणि गळ्यातून एक आवाज निघाला, मोठा, वाकडा, असा की बायका दचकल्या. तो सुरू झाला तो थांबेना. लोकांनी त्याला धरलं. परत जाताना जो तो म्हणत होता, पोराने जीव काढून रडून घेतलं हो, आईवर माया होती.

साहेबाने वहीत लिहिलं आणि फाटकावरचा कागद स्वतःच्या हाताने काढून नेला.

घरी म्हातारी दाराच्या फटीजवळ बसली होती. "कोण कोण आलं होतं? ती शिडीवाली रडली का?"

"सगळ्यात जास्त," सून म्हणाली, आणि दोघी पोट धरधरून हसल्या.

*

आता काही दिवस आई बाहेर पडणार नाही एवढंच ठरलं होतं. साहेब पुन्हा आला तर? कोणी चुगली केली तर? गावाला सांगायची गरज नव्हती. गावाने विषयच बंद केला. दुकानदाराने खुर्ची आत घेतली. मापाडी भेटला की लोक म्हणत, सावर आता, आणि ते इतक्या मनापासून म्हणत की तोही मान हलवायचा. गुपित पाळायचं तर ते खरंच मानून टाकणं सगळ्यांना सोपं गेलं.

म्हातारी आतल्या खोलीत चटईवर झोपायची, गादी गेली होती. सुरुवातीला ती शेजारणीची नक्कल करायची, आमदाराला शिव्या घालायची. मग बोलणं कमी झालं. एकदा ती न राहवून भर दुपारी अंगणात जाऊन बसली. रस्त्याने तिघं जण गेले. तिने तिघांना हाक मारली. एकानेही मान वळवली नाही. शेजारणीचा कुत्रा रोज तिच्या हातचं खाणारा, तो अंगणातून आडवा गेला, तिच्या पायाशी थांबला, नाक वर केलं आणि पुढे गेला.

"ते मुद्दाम करतात," सून म्हणाली. "साहेबाच्या भीतीने."

"कुत्र्याला कसली साहेबाची भीती?" म्हातारी म्हणाली.

पुढच्या आठवड्यात सुनेने दोनच ताटं वाढली. दोघं जेवायला बसली, अर्धं जेवण झालं, तेव्हा मापाड्याचं लक्ष आतल्या दाराकडे गेलं. म्हातारी तिथे उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठून धावली, ताट वाढलं, पाया पडली. "अहो आई, हाक तरी मारायची!"

"मारली," म्हातारी म्हणाली. "दोनदा."

*

पाऊस सुरू झाला आणि अधिवेशन झालं. आमदार भिजत, हसत आला. कायदा बदलला होता. दहाची मुदत पंचवीस वर्षं केली होती आणि जिथे कोणा जिवंत माणसाच्या जवळच्या नात्यातलं कोणी पुरलेलं आहे, अशा जागा वगळल्या होत्या.

"एकमताने," तो ओट्यावर बसत म्हणाला. "सगळ्यांचेच बाप कुठे ना कुठे आहेत."

मापाड्याने आनंद व्हायची वाट पाहिली. बायको म्हणाली, "म्हणजे ते सगळं करायची गरज नव्हती."

"तेव्हा होती वहिनी."

"मग आता आईंना... म्हणजे तो दाखला रद्द करता येईल?"

आमदाराचं हसू जरा मागे गेलं. "कसला दाखला?"

आतल्या दारातून म्हातारी बाहेर आली. भिंतीला धरून धरून ती ओट्यापर्यंत आली आणि आमदाराच्या समोर उभी राहिली. तिचा पदर त्याच्या गुडघ्याला लागत होता.

"शेंबड्या," ती म्हणाली.

आमदाराने गुडघा झटकला, माशी बसावी तसा. तो मापाड्याकडे बघत होता. खोटं दफन, खोटा दाखला, त्यासाठी आरोग्य केंद्राला त्याने स्वतः केलेला फोन. त्याचं त्यालाच ठाऊक. पण त्याच्या डोळ्यांत भीती नव्हती, चोरटेपणा नव्हता. डोळे स्वच्छ होते.

"काकू असत्या तर खूश झाल्या असत्या," तो म्हणाला. "आता घरात कोण कोण असतं?"

मापाड्याने आईकडे बघितलं. आई त्याच्याकडे बघत होती. एक शब्द पुरला असता. त्याच्या मनात साहेब आला, तुरुंग आला, कोपऱ्यातली जागा आली. आणि खरं सांगायचं तर यातलं काहीच आलं नाही. तोंडाला सवय झाली होती, ते बोललं.

"आम्ही दोघंच," तो म्हणाला.

म्हातारी आली तशी भिंत धरून आत गेली. आमदार चहा पिऊन गेला.

त्या संध्याकाळी मापाडी आत जाऊन आईच्या पायाशी बसला. तिचे पाय हातात घेतले. उबदार होते. त्याला केवढा धीर आला. "आई, मी मुद्दाम नाही म्हणालो."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मुद्दाम म्हणाला असतास तर बरं होतं."

*

पावसाळा सरता सरता ती गेली. सकाळी सून चहा घेऊन गेली तेव्हा ती चटईवर गुडघे दुमडून पडली होती, डोळे उघडे. सुनेने कपातला चहा जमिनीवर सांडू दिला. मापाड्याने तिचे डोळे मिटले आणि तसाच अनवाणी बाहेर पडला. चार खांदे लागतात.

पहिलं घर शेजारणीचं. "आई गेली," तो म्हणाला.

शेजारीण कणीक मळत होती. तिने हात थांबवला आणि त्याच्याकडे कीव येऊन बघितलं. "हो रे बाबा. तीन महिने झाले ना आता?"

"आज गेली. आत्ता, सकाळी."

"बस जरा. पाणी पी." ती आत वळून नवऱ्याला हळूच म्हणाली, "आईचं मनाला लागलंय त्याच्या."

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी त्याला खाटेवर बसवलं आणि दार जरा लोटून घेतलं. तो ओरडला, "अरे, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे! पोती होती ती! वाळूची पोती!" घरातली मुलं घाबरून आईला बिलगली.

शेवटी तो दुकानदाराकडे गेला. त्याचा हात धरला. "तू तरी चल. खांदा दे. दोघांना झेपणार नाही."

दुकानदाराने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्याचे डोळे भरून आले होते. "मी दिलाय खांदा. विसरलास? हे बघ, इथे अजून दुखतो." त्याने सदऱ्याची कॉलर बाजूला केली. खांद्यावर पट्टा उमटलेला होता, निळा.

मापाडी परत आला. बायकोने सासूला न्हाऊ-माखू घालून धुवट लुगडं नेसवलं होतं. दोघांनी तिला चटईसकट उचललं, तो डोक्याकडे, ती पायांकडे. चिखलाचा रस्ता. तीनदा खाली ठेवावं लागलं. दारादारांत माणसं उभी होती आणि बाजूला होत होती, ओझं घेऊन जाणाऱ्याला वाट द्यावी तशी. एकाने विचारलं, "काय नेताय?"

"आई," मापाडी म्हणाला.

"जपून. पुढे निसरडं आहे."

माती पावसाने मऊ झाली होती. त्याने एकट्याने खड्डा उकरला, पोती बाहेर काढली, गादी तशीच ठेवली. आईला खाली घेतलं. माप बरोबर होतंच. बायको कडेवर बसून हुंदके देत होती आणि मधूनमधून कोपऱ्याकडे बघत होती, जिथे या पावसात गवत घोट्याएवढं वाढलं होतं. आठवडाभर तिला तिकडे जायला झालं नव्हतं.

दोघांनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. कोणी आलं नाही.

"तुम्ही तरी रडा," बायको म्हणाली. "त्यांच्यासाठी एकदा तरी."

त्याला रडायचं होतं. छाती भरून आली होती. त्याने तोंड उघडलं. आवाज निघाला तो मोठा आणि वाकडा, साहेबाला दाखवायला काढलेला, अगदी तोच. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तोच निघाला. त्याच्याकडे दुसरा नव्हता.

त्याने तोंड मिटून घेतलं आणि फावडं उचललं.